दोन नंबरचा ग्लास

स्वतः ओतलेली व्हिस्की स्वतःच ओळखायची, यात काही मजा नसते. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मी दोन ग्लासांत दोन वेगवेगळ्या स्कॉच ओतते. फार नाही, तळ ओला होईल एवढ्याच. ग्लासांखाली एक आणि दोन अशा चिठ्ठ्या सरकवते. डोळे मिटून ग्लासांची अदलाबदल करते, पुन्हा एकदा करते. तरी कुठला ग्लास कुठे गेला हे हाताला ठाऊकच असतं. मग डोळे उघडून मी नुसतीच बसते. खिडकीखालून पार्ल्याचा रविवार जात असतो. कुणी कोळणीशी घासाघीस करत असतं, समोरच्या इमारतीत पेटीचा क्लास चालू असतो, त्यातला एकच अलंकार पुन्हा पुन्हा ऐकू येतो. मी एका ग्लासाचा वास घेते, मग दुसऱ्याचा. दोन्हींतला फरक मला कळतो. तो कुणाला सांगायचा एवढंच कळत नाही.

हे ग्लास अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. खाली पोट सुटलेले आणि वर निमुळते, कमळाच्या कळीसारखे. असे सहा होते, त्यातला एक मोलकरणीच्या हातून फुटला. उरलेल्या पाचांच्या तळाशी चुन्यासारखा पांढरा डाग धरलाय. घासला की जातो, पण मी घासत नाही.

अण्णांनी तेहतीस वर्षं कांदिवलीच्या एका कारखान्यात वास घेण्याची नोकरी केली. लहानपणी मी शाळेत हे सांगितलं की मुली हसायच्या. पण त्यांचं कामच ते होतं. बिस्किटात, सरबतात, साबणात, अगरबत्तीत घालायचे अर्क तिथे तयार व्हायचे आणि अण्णा कागदाच्या लांब पट्ट्या त्यात बुडवून नाकाखाली धरायचे. कुठे काय कमी आहे, कुठे काय डोकं वर काढतंय, हे ते सांगायचे. मशीन होतं म्हणे, पण मशीनचं आणि अण्णांचं पटलं नाही तर साहेब अण्णांचं ऐकायचे. हे अण्णा स्वतः कधी बोलले नाहीत. आईकडून कळलं.

संध्याकाळी ते दारात आले की आम्ही त्यांच्या शर्टाचा वास घ्यायचो. कारखान्याला सगळं आधी तयार करावं लागायचं, त्यामुळे आमच्या घरात ऋतू जगाच्या पुढे धावायचे. ऐन थंडीत अण्णा आंबा होऊन घरी यायचे. बाजारात आंब्याचं नाव नसायचं आणि आमच्या दोरीवर हापूसच्या वासाचा शर्ट वाळत असायचा. वैशाखातल्या उकाड्यात ते गणपतीची अगरबत्ती होऊन यायचे आणि आईला आरास आठवायची. एकदा आठवडाभर ते अननस होते. त्या आठवड्यात शेजारची मांजर त्यांच्या अंगावर बसेना.

या नाकापायी घराला कितीतरी नियम होते. कच्चा कांदा चालायचा नाही, तंबाखू नाही, पान नाही, दारूचा तर प्रश्नच नव्हता. केसांना बिनवासाचं खोबरेल. आईला मोगऱ्याचं फार वेड, पण गजरा फक्त शनिवारी संध्याकाळी यायचा, कारण रविवारी नाकाला सुट्टी. सोमवारी पहाटे तो घराबाहेर जायचा. "सहा दिवस बिनवासाची बायको आणि एक दिवस मोगऱ्याची," असं आई म्हणायची, आणि म्हणताना तिला ते आवडतंय हे कळायचं.

आई गेली आणि पुढच्याच वर्षी अण्णा निवृत्त झाले. त्याच सुमारास मी दोन बॅगा घेऊन माहेरी राहायला आले. अण्णांनी काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. मी अंधेरीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तेव्हाही होते, आजही आहे. सकाळी जायचं, दिवसभर लोकांच्या रक्ताचे नमुने लावायचे, संध्याकाळी घरी येऊन दोन माणसांचा भात टाकायचा. घरात आता कसलाच नियम उरला नव्हता, आणि कसला वासही.

तेव्हा खालच्या मजल्यावरचे केळसकरकाका वर यायला लागले.

काका मालवणचे, आमच्याच गावाकडचे. आयुष्यभर बोटीवर इंजिनीअर होते. प्रत्येक सफरीहून एकेक बाटली आणायचे, आणि काकू होत्या तोवर त्या बाटल्या कपाटात नुसत्या उभ्या असायच्या. काकू गेल्यावर त्या रिकाम्या करायला त्यांना सोबत हवी होती. एका रविवारी ते एक बाटली आणि अण्णांना भेट म्हणून हे सहा ग्लास घेऊन वर आले आणि अण्णांना म्हणाले, "रघू, तेहतीस वर्षं नाक जपलंस. आता कोणासाठी जपतोस?"

अण्णांनी ग्लास हातात घेतला आणि वीस मिनिटं नुसता हुंगला. एका नाकपुडीने, मग दुसरीने. काकांचे दोन पेग झाले.

"अरे मेल्या, पी तरी!"

"गप. अजून येतंय."

"काय येतंय?"

"पिकलेलं केळं. मग मनुका. त्याच्या मागे नवं लाकूड, सुताराच्या दुकानातलं. आणि एकदम मागे काहीतरी जुनं... देवळाच्या दाराचं पितळ."

काकांनी बाटली उलटसुलट करून पाहिली, जणू हे सगळं तिच्यावर कुठेतरी लिहिलेलं असणार.

मला आधी राग आला होता. ज्या घरात आईला गजऱ्यासाठी शनिवारची वाट पाहावी लागली, तिथे खुशाल दारूची बाटली! मी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटली. पण पुढच्या रविवारी दोघांचं भांडण जुंपलं. दोन बाटल्या होत्या आणि काका म्हणत होते की तू रंग बघून ओळखतोस. अण्णा ओरडले, "बाय, इकडे ये. तू ओत, आम्हाला दाखवू नकोस." मी ओट्यापाशी पाठ करून ओतलं, ग्लासांखाली आकडे घातलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या, आणि ग्लास नेऊन देताना सहज एकाला नाक लावलं. लावलं आणि थबकले.

"हे आमच्या लॅबसारखं आहे," मी म्हणाले. "आयोडीन. आणि काहीतरी जळलेलं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी कुणी न विचारता मी काही बोलले होते. ते म्हणाले, "अजून?"

"वर्सोवा. सुकत घातलेले बोंबील. होडीला फासलेलं डांबर."

मी सहा-सात वर्षांची असताना ते मला वर्सोव्याच्या धक्क्यावर न्यायचे. मढला जायची फेरीबोट यायची, जायची, आम्ही चढायचो नाही. आम्ही वास घ्यायला गेलेले असायचो. ते म्हणायचे, डोळे मीट आणि कुठे काय आहे ते बोट दाखवून सांग. मी बोट दाखवायची. इकडे जाळी. इकडे डिझेल. इकडे कोणीतरी भात करपवलाय. आणि तिथे, त्या बांबूंवर, बोंबील. उन्हात ओळीने लटकलेले, वाऱ्यावर एकमेकांवर आपटून कोरडे वाजणारे. हे सगळं मी विसरून गेले होते. स्कॉटलंडातल्या कुठल्याशा बेटावर दलदलीतली माती वाळवून जाळतात, त्या धुरावर धान्य सुकवतात, आणि त्या धुरातून मला माझं वर्सोवा परत मिळालं.

"कुठलं बेट हे?" अण्णांनी विचारलं.

"आयला," काका म्हणाले.

"शिव्या कसल्या घालतोस? पोरगी समोर आहे."

"अरे नाव आहे ते! बेटाचं नाव! आयला!"

हे कळेपर्यंत पाच मिनिटं गेली. मी हसता हसता जमिनीवर बसले. त्यानंतर त्या बेटाची कुठलीही बाटली आली की काका दारातूनच ओरडायचे, "आयला आणलीय रे!" आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पेंडसेबाई दार लावून घ्यायच्या.

असे सहा वर्षांचे रविवार झाले. सकाळी अकरा ते एक. श्रावणात बंद. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, ओतायचं काम माझं. आधी नुसता वास घ्यायचा आणि वहीत लिहायचं, मग आपापलं लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, आणि त्यानंतरच पहिला घोट. मग ड्रॉपरने पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि वास कसा उमलतो ते बघायचं. काकांकडे इंग्रजी पुस्तिका होत्या, त्यांत हेदर, टॉफी, मार्झिपान असले शब्द असायचे. अण्णांनी ते बंद केले.

"हेदर तू हुंगलंयस?"

"नाही."

"मग लिहायचं नाही. जे नाकाने बघितलंय तेच लिही."

म्हणून आमच्या वहीत आमचेच वास आहेत. अण्णांच्या अक्षरात: भिजलेलं गोणपाट. आमसुलाचं सार. संक्रांतीचा पाक, थोडा लागलेला. फणसाची आठळी भाजताना. काकांच्या अक्षरात बहुतेक सगळं इंजिनरूममधलं: गरम पितळ, ग्रीस, घामाचा बॉयलरसूट, आणि एकदा नुसतंच ‘सिंगापूर’. माझ्या अक्षरात आधी स्पिरिट, कापूस, आयोडीन. मग हळूहळू इतर. आजोळच्या पडवीतलं भात. शाळेच्या नव्या पुस्तकाची खळ. एका पानावर मी लिहिलंय: आईच्या ट्रंकेतली न नेसलेली साडी. त्याच्याखाली अण्णांनी बारीक अक्षरात लिहिलंय, बरोबर.

एक वाजता मी भात आणि माशांचं तिखलं वाढायची. काका दोन वेळा आमटी मागून घ्यायचे. मग खाली जायचे, आणि त्यांच्या दाराचा खटका वाजला की रविवार संपायचा.

अण्णांचं नाक कधी गेलं हे मला सांगता येणार नाही. दिवा गेला की कळतं, तसं ते नव्हतं. आधी एकदा दूध करपलं आणि ते शेजारच्या खोलीत शांत वाचत बसले होते. मग आणखी एकदा. रविवारी मात्र ते पूर्वीसारखंच सगळं सांगायचे. पण मी ऐकायला लागले तेव्हा लक्षात आलं, ते हल्ली शेवटी बोलतात. काकांचं आणि माझं बोलून झालं की आमच्या शब्दांतलंच काहीतरी उचलून, थोडं फिरवून, झकास मांडतात. इतकं सुंदर मांडतात की आपणच चुकलो असं वाटावं.

मग एका संध्याकाळी मी कामावरून आले तर जिन्यातच गॅसचा वास. धावत वर गेले. शेगडीचं बटण अर्धवट उघडं, आणि अण्णा स्वयंपाकघरातच टेबलाशी पेपर वाचत बसलेले. मी खिडक्या उघडल्या.

"अण्णा, तुम्हाला वास आला नाही?"

"सर्दी झालीय जरा."

"डॉक्टरांकडे जाऊया."

"सर्दीला कसला डॉक्टर?"

तीन आठवडे हेच चाललं. सर्दी, हवा, धूळ. मी दिवसभर नमुने तपासणारी बाई. मला वाटलं, एकदा पुरावा हातात आला की ते मुकाट्याने येतील. दुसरं काही मनात नव्हतं. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय.

पौषातला रविवार होता. मी ओट्यापाशी पाठ करून तिघांचे एक नंबरचे ग्लास भरले. मग काकांच्या आणि माझ्या दोन नंबरच्या ग्लासात काकांनी आणलेली व्हिस्की ओतली. अण्णांच्या दोन नंबरच्या ग्लासात सकाळचा गार, कोरा चहा ओतला. रंग अगदी तंतोतंत जमला होता.

अण्णांनी ग्लास उचलला. उजेडात धरला, फिरवला, काचेवरून उतरणारी धार पाहिली. नाकाशी नेला, डोळे मिटले. वेळ घेतला. मला अजून आठवतं, मी मनात म्हणत होते, कळू दे, यांना कळू दे.

"स्पेसाइडकडची," ते म्हणाले. "शेरीच्या पिंपातली. मनुका आहे, अंजीर आहे. मागून थोडा लवंगेचा चटका. छान जुनी आहे रे, केळसकर."

काका खूश होऊन मान डोलावत होते. त्यांच्या ग्लासात खरोखरच तसली व्हिस्की होती. रंगावरून आणि काकांच्या आवडीवरून अण्णांनी ती नेमकी ओळखली होती.

मग अण्णांनी घोट घेतला.

तो त्यांनी गिळला. ग्लास खाली ठेवला, अगदी चिठ्ठीच्या मधोमध. काकांनी तो ग्लास उचलून हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही, पण त्यांना ते एका क्षणात वाचता आलं. ते मोठ्याने हसले.

"मीच रे! गंमत केली. येताना थोडा चहा आणला होता लपवून, तुझ्या ग्लासात ओतला. कसा फसलास!"

अण्णा हसले नाहीत.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"काय?"

"माझं नाक गेलंय ते."

"रघू, अरे, गंमत..."

"मला एकट्याला गाठून विचारायचंस. खाली बोलावून विचारायचंस." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "माझ्या मुलीसमोर, केळसकर?"

मी तिथेच उभी होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती. एक वाक्य बोलायचं होतं. काका उठले, चपला घातल्या, आणि माझ्या हातातून बाटली काढून घेताना त्यांनी अगदी बारीक मान हलवली. नको, अशी. मी ते ऐकलं. मला ते ऐकायचंच होतं.

डॉक्टरांकडे अण्णा दुसऱ्याच दिवशी आले, मुकाट्याने. वयामुळे होतं, काही करता येत नाही, असं कळलं. माझा पुरावा असा कामाला आला.

त्यानंतर ते दोघं बोलले नाहीत. जिन्यात समोरासमोर आले तर अण्णा कठड्याला टेकून वाट द्यायचे, सौजन्याने, एखाद्या परक्या माणसाला द्यावी तशी. मला वाटायचं, सोमवारी सांगू. मग वाटायचं, त्यांचा राग थोडा निवू दे. मग महिना झाला, आणि महिनाभर का गप्प होते हेही आता सांगावं लागेल असं झालं. दिवस जातील तसं ते वाक्य लांब होत गेलं.

होळीच्या आसपास एका रविवारी अण्णांनी स्वतःच टेबल खिडकीशी ओढलं. एक खुर्ची त्यांची. दुसरी ओढून म्हणाले, "बस. ओत दोन. तू हुंग आणि मला सांग."

पुढचं दीड वर्ष मी त्यांचं नाक होते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर काळ होता आणि तो मी चोरलेला होता. बाटल्या आता मी विकत आणायची; ग्लास त्यांच्या हातात असायचा, मी त्यावर वाकायची.

"धूर आहे."

"कसला धूर? लाकडाचा, शेणीचा, कागदाचा?"

"विझवलेल्या चुलीचा. पाणी मारल्यावर येतो तो."

"मीठ?"

"आहे. पण समुद्राचं नाही. लोणच्याच्या बरणीच्या काठावरचं."

"गोड काय आहे?"

"थांबा... काकवी. नाही, काकवीचं रिकामं भांडं."

मग ते डोळे मिटायचे. माझे शब्द त्यांच्या आत कुठेतरी एकेक करून लागायचे, आणि त्यांचा चेहरा खरोखर बदलायचा. नाकपुड्या हलायच्या. "आयला," ते हळूच म्हणायचे. "दक्षिण किनारा. दहाएक वर्षांची." मी वर्तमानपत्र सोडवायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मग ते घोट घ्यायचे, सावकाश, लहान मुलाला भरवल्यासारखा स्वतःलाच.

कधी ते सगळं जुनं मागायचे. व्हिस्की बाजूला ठेवून म्हणायचे, "आज मोगरा सांग." मी बाजारातून गजरा आणायची, ओंजळीत धरायची आणि सांगायची. पहाटेचा कसा, दुपारचा कसा, पिवळा पडायला लागला की कसा.

एकदा त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. "खाली आहे का रे तो?" मला ‘रे’ म्हणायची त्यांची सवय होती. "दिवा तर दिसतो," मी म्हणाले. "जरा जास्तच बोललो मी त्याला," अण्णा म्हणाले. तेव्हा सांगायला हवं होतं. दार त्यांनी स्वतः उघडून दिलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "बोलवू का त्यांना?" ते म्हणाले, "बघू. श्रावण होऊ दे."

श्रावण संपायच्या आधी अण्णा गेले. दोन दिवसांचा ताप, बस. काका वर आले. चपला बाहेर काढल्या, पण उंबरठ्याच्या आत आले नाहीत. तिथेच भिंतीला हात लावून उभे राहिले, अण्णांना नेईपर्यंत. दिवाळीत त्यांचा मुलगा त्यांना बोरिवलीला घेऊन गेला. खालच्या घराला कुलूप लागलं.

गेल्या रविवारी मी माझे ते दोन ग्लास भरून बसले होते आणि मला ते असह्य झालं. ग्लास तसेच टाकले. लॅबमधून आणलेली एक कोरी, छोटी काचेची बाटली होती, तिच्यात औषधाएवढी आयला भरली, झाकण घट्ट लावलं आणि बोरिवलीची रिक्षा केली.

काका चौदाव्या मजल्यावर राहतात. बाल्कनीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. काका वाळले आहेत फार, हातांची कातडी कागदासारखी झालीय. सूनबाईंनी चहा ठेवला आणि जाताना हळूच सांगितलं, "त्यांना डॉक्टरांनी सगळं बंद केलंय हं." आम्ही दोघंच बाल्कनीत बसलो. मी बाटली टीपॉयवर ठेवली. काकांनी ती पाहिली, हात लावला नाही.

मी म्हणाले, "काका, तो चहा मी ओतला होता."

"माका काय सांगतस?" ते डोंगराकडेच बघत होते. "माझ्यासमोर तर झालं. त्याला सांगायचं होतंस."

"हो."

"दीड वर्ष, चेडवा. अकराला वर खुर्ची सरकायची. एक त्याची. मग दुसरी सरकायची. मी खाली बसून ऐकायचो."

"तुम्ही का नाही सांगितलंत त्यांना?"

"घरात तुम्ही दोनच माणसं. तो तुझ्यावर रागावला असता तर गेला असता कुठे? माझ्यावर रागावला तर मी एक मजला खाली. मला वाटलं, काय बिघडतंय? आज ना उद्या पोरगी सांगेल, आणि तो शिव्या घालत खाली येईल." त्यांनी गुडघ्यावरचा पंचा सारखा केला. "दार लावत नव्हतो मी रविवारी. नुसतं लोटून ठेवायचो."

मी मनगटाने डोळे पुसले. खाली कुठेतरी मुलं क्रिकेट खेळत होती, चेंडू पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला. मग काकांनी विचारलं,

"त्याला शेवटी खरंच काही येत नव्हतं?"

"काहीच नाही."

"मग प्यायचा काय रे तो?"

"मी सांगायचे ते."

काकांनी मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग टीपॉयवरची बाटली उचलली, दोन्ही हातांनी झाकण उघडलं आणि ती माझ्यासमोर धरली.

"माका प्यायची बंदी आसा. ऐकायची नाय. सांग."

मी बाटली घेतली, नाकाशी नेली, श्वास ओढला. काहीच आलं नाही. पुन्हा ओढला. नाक गच्च झालं होतं, बाटलीत नुसतं पाणी असावं तसं वाटत होतं.

"काय गो?"

"काही येत नाहीये, काका. रडून नाक चोंदलंय."

त्यांनी गुडघ्यावरचा पंचा काढून माझ्या हातात दिला आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

"मगे बसूया," ते म्हणाले. "माका खंय जावचा आसा?"